बाबांची संत्र्याची बाटली

उद्या मृतांचा दिवस, मेक्सिकोतल्या ओआहाकात त्या दुकानात ही भली मोठी रांग, आणि रांगेत उभ्या इत्सेलच्या अगदी पुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी भांडतायत!

"चायो, बाबांच्या वेदीवर सोड्याची मोठीच बाटली ठेवायची. दर वर्षी ठेवतो."

"एल्विराताई, भाव बघ की. साखरेच्या सोड्यावर पुन्हा कर वाढलाय."

"बाबांसाठी कर बघतेस? रविवारी आपल्याला सायकलवर बसवून न्यायचे, सोडा पिशवीत ओतून, नळी खोचून द्यायचे, विसरलीस?"

"कशी विसरेन? संत्र्याचं. जीभ दिवसभर केशरी."

"तेव्हा किती स्वस्त होतं गं!"

"म्हणून तर ते रोज प्यायले. साखर वाढली, आधी पायाचा अंगठा गेला, मग पाय. महाग असतं, तर अजून चार वर्षं सायकल चालवली असती."

"आता त्यांना कसली साखर? मेलेल्यांना नुसता वास पुरतो."

"त्यांना पुरतो. पण सण झाल्यावर ती बाटली कोण संपवतं?"

"वेदीवरचं टाकू नये, बाई."

"आणि तुझ्या पायाच्या अंगठ्याला ही पट्टी कसली, ताई?"

रांग सरकली. एल्विराताईनं मोठी बाटली फळीवर परत ठेवली आणि दुकानदाराकडे वळली.

"छोटी द्या हो. आणि एक पिशवी, दोन नळ्या."