तळहातावर लिहिलेलं माप

—उठताय कुठे साहेब, बसा. परत सांगा, सावकाश. तुम्ही प्रोग्रामर, मी सातवी नापास. म्हणजे दवाखान्याच्या साइटवर डोस शोधून देणारा तो — काय म्हणालात, ऑब्जेक्ट — तो सुरुवातीला एकदाच तयार होतो, मग येईल त्या पेशंटला तोच. दर वेळी नवा केला तर साइट रखडते. बरोबर? मान नका हलवू, तोंडानं बोला. हां. आणि एकच ठेवण्यात चूक नाही म्हणता? नाहीच. ही टेप बघा, बाबांची. अख्ख्या गल्लीच्या कमरा मोजल्यात हिनं. टेप एकच चालते, कारण टेपला कुणाची कंबर आठवत नाही. माप लिहायचं चिठ्ठीवर — दर गिऱ्हाईकाला नवी चिठ्ठी. मी एकदा घाईत तळहातावर लिहिलं, त्यावरच दुसऱ्याचं लिहिलं, आणि काडीसारख्या मास्तरांना ठेकेदाराची पँट गेली. बाबांनी फूटपट्टीनं हाणलं. तुम्हाला कुणी हाणलं नाही ना कधी? तेच. तुम्ही पेशंटचं माप त्या ऑब्जेक्टच्या तळहातावर लिहिलंत.

ताईचा डोस आठ. त्याच क्षणी आणखी कुणी पान उघडलं, आणि मला दिसले अठ्ठावीस. इन्शुलिनचे अठ्ठावीस युनिट, साहेब. या हातानं टोचले. तिला दिसायचं कमी, ती म्हणाली, नीट बघितलंस ना रे? बघितलं म्हटलं... रडू नका. खाली गिऱ्हाईकाचं कापड आहे, डाग पडेल.

आत बाबा आहेत. ताई गेली त्याला तीन आठवडे झाले, तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही. येईल त्याला सांगतात, याला साधा आकडा वाचता आला नाही. नंतर पान उघडलं तर आठच दिसत होते ना. तेव्हा तुम्ही आता आत जायचं आणि एवढंच म्हणायचं — आकडा यानं बरोबर वाचला होता. कंपनीनं बोलू नका सांगितलंय? मग आलात कशाला, माझ्याकडून पाठ थोपटून घ्यायला? मुलगी आहे ना तुम्हाला? तिला काय सांगता, बाबा काय काम करतो म्हणून?

काय? आकड्याच्या वर? वर काय असणार... नाव होतं. लांबलचक होतं. ताईचं कसं, तीन अक्षरांत संपतं. म्हणजे अख्खं पानच दुसऱ्याचं आलं, नावासकट — असं म्हणताय तुम्ही. थांबा. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, ती भुकेली बसली होती, ताट वाढलेलं, घाई कर म्हणत होती — आकडे येतात मला, दिवसभर आकड्यांतच असतो मी, म्हणून आकडा बघितला. नाव कोण वाचतं घरात? घरात एकच पेशंट...

हे सांगणार बाबांना? त्यांनी विचारलं तर?

दार तिकडं आहे. आत नाही, साहेब — बाहेरचं. आणि हळू बोला.