दोघांचा बँड

नाही नाही, फोन बिघडला नव्हता — बसा ना, व्हिव्हियन सर, या बाकावर जरा सावली आहे — फोन चालूच होता, तुमचाच नंबर दिसायचा आणि मीच उचलत नव्हतो. आता तुम्ही पापडीहून मला शोधत चंदनसारला आलात, आमच्या हिने सांगितलं असेल की रविवारी हे बी विंगच्या खाली सापडतील, मग आता तोंडावर खोटं कसं बोलणार? म्हणजे हेमांगीलाही वाटतंय की मी हो म्हणून टाकावं. कोणालाही तसंच वाटेल. माणूस इतकी वर्षं बँड बँड करतो, आणि बँड स्वतः चालत दारात येतो, तर हा मठ्ठासारखा फोनकडे बघत बसलाय! नाही, पैशाचं काही नाही हो. पैशासाठी कोण वाजवतंय? आणि तुमचा बँड आवडला नाही असं तर बोलूच नका. तुम्हाला माहीत नाही, मी तुम्हाला आधी ऐकलंय. एमिलीताईंच्या मुलाचं लग्न — त्या आमच्याच कंपनीत, मी स्टोअरला आणि त्या पॅकिंगला — वाडीत मांडव होता, आणि तुमचे ते म्हातारे मेंडोलिनवाले, तेच जे आता कॅनडाला चाललेत मुलीकडे, ते वाजवत होते. मी जेवणाची प्लेट घेऊन स्टेजच्या बाजूला उभा राहिलो तो उभाच. हिने येऊन हात ओढला तेव्हा कळलं की भात पार थंड झालाय. त्याच महिन्यात मेंडोलिन घेतली. चाळिशीला आलेला माणूस, व्हिडिओ बघून बघून शिकला. बोटांच्या टोकांना फोड आले, ही म्हणायची, दुसरा काही छंद नाही का मिळाला?

पण वाजवायचं कोणाबरोबर? एकट्याने वाजवून वाजवून किती वाजवणार? मेंडोलिन म्हणजे सोबतीचं वाद्य, तुम्हाला मी काय सांगू. मग मी बँड शोधायला लागलो. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता वसई-विरारच्या वादकांचा, त्यात टाकलं — मेंडोलिन वाजवतो, हौशी आहे, रविवारी मोकळा असतो. कोणीतरी विचारलं, वय? मी सांगितलं. त्यावर एक अंगठा आला आणि मग जी शांतता पसरली ती आजतागायत! माणिकपूरला कॉलेजच्या पोरांनी बोलावलं एकदा, तिथे ड्रमवाला म्हणतो, अंकल, ये युकुलेले है क्या? चांगली पोरं होती, चहाबिहा पाजला, पण मी सोफ्यावर बसल्यावर त्यांना आपसात शिव्या देता येईनात, अवघडली बिचारी. एका नवरात्रीच्या ऑर्केस्ट्राने घेतलं, खरंच घेतलं, चमकीचं जाकीट पण दिलं — आणि स्टेजवर जायच्या आधी तो मालक सांगतो, तुम्ही नुसते हात हलवा, आवाज आपला पेनड्राइव्हवरून येणार आहे. हसा, हसा. मी पण हसतो आता. नऊ रात्री हात हलवले मी.

आणि मग विठ्ठलकाका भेटले. भेटले म्हणजे — मी आमच्या ए विंगच्या गच्चीत वाजवत होतो, तर समोरच्या बी विंगच्या गॅलरीतून आरोळी आली, ‘ओ मेंडोलिन! तारांची तिसरी जोडी उतरलीय, ऐकू येत नाही का?’ वीज मंडळात लाइनमन होते, रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगी क्षितिजा शाळेत शिकवते, ती यांच्याबरोबर राहते. त्यांचा स्वतःचा म्युझिकल ग्रुप. ग्रुप म्हणजे काय, पियुष नावाचा एक मुलगा कीबोर्डवर, शत्रुघ्न म्हणून एक रिक्षावाला ढोलकीवर, आणि गायला काका स्वतः. वाईट होता हो बँड! खरं सांगतो, वाईट. काका गाणं सुरू करायचे एका लयीत आणि संपवायचे भलत्याच, आम्ही तिघं मागून धावतोय. पण माणूस काय बोलायचा! गाण्यापेक्षा बोलणंच जास्त. प्रत्येक गाण्याआधी एक किस्सा — खांबावर चढल्यावर कोणाच्या घरातलं काय दिसायचं, कोणत्या साहेबाला शॉक कसा बसला — आणि मग हात वर, ‘वन टू, वन टू थ्री फोर’. मला वाटलं, ठीक आहे, इथे वाजवत राहू, हात तयार होईल, मग चांगला बँड शोधू. बस थांब्यावर उभं राहतो ना माणूस, तसा मी तिथे उभा होतो.

मागच्या वर्षी गणपतीनंतर काकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळं कळतं, माणसं ओळखतात, पण बोलायला गेले की तोंडातून एकच निघतं — वन टू. पाणी पाहिजे, वन टू. पंखा बंद कर, वन टू. क्षितिजा रडायला लागली की तिला समजवायला पण वन टू, वन टू. शत्रुघ्न दोनदा येऊन गेला, त्याला बघवेना. पियुषला पुण्याला नोकरी लागली. मी गेलो भेटायला, तर बोलायचं काय हेच समजेना — इतका बोलणारा माणूस गप्प बसलेला, आपण काय बोलायचं? — म्हणून मेंडोलिन घेऊन गेलो होतो, ती काढली आणि त्यांचं ते दादऱ्यासारखं डुलणारं गाणं वाजवायला घेतलं. आणि सर, ते गायले. शब्द! अख्खं कडवं, एकही शब्द न चुकता. क्षितिजा आतून आली, हाताला कणीक तशीच, आणि दाराला धरून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं पण गाणं शाबूत राहतं, हे सोडू नका. मग काकांनीच युक्ती काढली. त्याच चालीवर स्वतःचे शब्द बसवायला लागले. ‘चहा नको, चहा नको, पोटात आग होते...’ असं. क्षितिजाने मोबाईलवर गाणं लावून बघितलं, नाही जमलं. मोबाईल थांबत नाही ना! ते एखाद्या शब्दाला अडतात, तेव्हा मी तीच जागा धरून तार छेडत राहतो, परत परत, आणि तो शब्द येतो. कधी लगेच येतो, कधी चहा गार होतो. पण येतो. आठवड्यात काय काय सांगायचं असतं ते सगळं माझ्यासाठी साठवून ठेवतात ते. दाढ दुखते. गावच्या भावाला फोन कर. मुलीचं लग्न. सगळं त्या चालीवर.

म्हणून रविवार. मग बुधवार संध्याकाळ पण. आमचं शिमग्याला गावी जाणं बंद झालं, हिच्या बहिणीच्या लग्नातून मी हळदीच्या दुसऱ्या दिवशी परत. ही एकदा म्हणाली, बँड शोधत होतात ना, मिळाला की — दोघांचा! चेष्टेत म्हणाली, पण मला लागलं. कारण माझी बोटं, सर, तीन गाणी वाजवतात फक्त. तीच तीन, त्यांच्या लयीत, अडत अडत. नवीन काही वाजवायला बसलो तरी बोटं आपोआप तिथेच वळतात. रविवारी सकाळी जाग आली तरी मी अंथरुणातच पडून राहतो. आणि सोसायटीत लिफ्टमध्ये बायका म्हणतात, तुम्ही देवमाणूस हो. एकदा कोणी देवमाणूस म्हटलं ना की संपलं, मग घरी बसायची चोरी! मला नव्हतं व्हायचं देवमाणूस. मला बँडमध्ये वाजवायचं होतं.

त्यात एमिलीताई म्हणाल्या की तुम्हाला मेंडोलिनवाला पाहिजे. मी क्षितिजाला सांगितलं, कंपनीत स्टॉक मोजायचाय, या रविवारी जमणार नाही. तारांचा नवा सेट आणून चढवला आणि आलो तुमच्याकडे. त्या पत्र्याच्या शेडमध्ये. तुम्हाला आठवतं, दुसऱ्या गाण्यात मी वळण चुकलो? मी थांबणार होतो, माफी मागणार होतो, तर तुमच्या ट्रम्पेटवाल्याने ती जागा अशी उचलली की जणू ठरलेलंच होतं. आणि मग व्हायोलिनने माझीच ओळ मला परत दिली, थोडी फिरवून. म्हणजे ते ऐकत होते! मी काय वाजवतो ते कोणीतरी ऐकून त्यावर वाजवत होतं. तुम्ही म्हणालात, या पुढच्या रविवारपासून. मी घरी सरळ गेलोच नाही, किल्ल्याकडे जाऊन जेट्टीवर बसलो. एकटाच हसत होतो. कोळणी बघत होत्या माझ्याकडे.

बुधवारी काकांकडे जायचं टाळलं. पण पुढच्या रविवारी तुमच्याकडे यायचं सोडून काकांसमोरच पेटी उघडली आणि त्यांनी बघितलं. मला नाही, तारा बघितल्या. लखलखीत ना नव्या! मी चाल धरली, आणि ते गायले, ‘नव्या तारा... नव्या तारा...’ मी म्हटलं, काका, जुन्या गंजल्या होत्या. ते मान हलवतात, नाही. ‘कुठे... कुठे...’ मी तार छेडत बसलो. ‘कुठे वाजवलंस?’ काय सांगणार? सांगितलं. पापडीला, म्हटलं. तर पुढचं काय विचारलं असेल? ‘साथीला... कोण?’ मी सांगितलं — व्हायोलिन, ट्रम्पेट, ॲकॉर्डियन, ड्रम. ‘कसं... वाजलं?’ अहो, त्यांचे डोळे असे चमकत होते! मग मी सगळं सांगितलं, ते वळण चुकलो ते पण, आणि त्यांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली, खूश. आणि मग सुरू केलं एक वाक्य. ते काही येईना. मी तीच जागा वाजवतोय, वाजवतोय, क्षितिजा येऊन बसली, उन्हं उतरली. घाम फुटला होता त्यांना. शेवटी आलं. ‘जा तू. तिकडे जा. मी बसेन.’ एवढंच. खाली सोडायला क्षितिजा आली, म्हणाली, दिनूदादा, बाबा म्हणतायत तर जा, आम्ही बघू काहीतरी. तिचा चेहरा मला नाही सांगता यायचा.

ते भांडले असते ना, तर मी गेलो असतो. रडले असते, माझ्या नावाने बोटं मोडली असती, तरी गेलो असतो, चार दिवस वाईट वाटलं असतं. पण त्यांनीच दार उघडून दिलं, आता त्या दारातून पाय कसा काढू?

काय? त्यांना तुमच्याकडे घेऊन यायचं? सर, तुम्ही म्हणालात हेच खूप झालं. पण यंदा गणपतीत खाली मांडवात आणलं होतं त्यांना, चौघांनी खुर्चीसकट. लोक जमले बघायला, आता गाणार म्हणून. पहिल्याच शब्दाला अडले आणि डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं, वर नेईपर्यंत काढलं नाही. नाही... आणि बुधवारचं म्हणाल तर — हो, रविवार तुम्हाला आणि बुधवार त्यांना, तेही मी मांडून बघितलं. वेळेचा प्रश्न नाहीये. वेळ निघेल.

ते गात नाहीत आता. हे मी अजून कोणाला बोललो नाही, हेमांगीलाही नाही. ‘जा’ म्हणाल्यानंतरच्या बुधवारी मी गेलो, चाल धरली, तर ओठ मिटून खिडकीकडे बघत बसले. मला वाटलं, थकलेत. रविवारी परत तेच. या बुधवारी तेच. मी वाजवतोय आणि ते भिंत झालेत. मुद्दाम, सर. मला हाकलतायत! मी गेलो नाही तर गाणारच नाही, असं चाललंय त्यांचं. क्षितिजा म्हणते, आता वन टू पण करत नाहीत, भूक लागली तरी सांगत नाहीत. पोट बिघडलं ते सुद्धा तिला खराब झालेल्या चादरीवरून कळलं. म्हणजे मी गेलो तर साथ नाही म्हणून गप्प, आणि राहिलो तर माझ्यासाठी गप्प. सांगा, मी कुठून बाहेर पडू?

म्हणून आज ठरवून आलोय. वर जाऊन सांगणार, काका, त्यांनी मला घेतलं नाही. परत बोलावलं होतं, ऐकलं, आणि म्हणाले, हात जड आहे, तालाला कच्चा आहे, आमच्यात नको. असे भडकतील बघा! त्यांच्या मेंडोलिनवाल्याला कोणी कच्चा म्हटलेलं त्यांना खपणार नाही. तुम्हाला शिव्या घालतील, तुमच्या सात पिढ्यांना घालतील — माफ करा, लाइनमनच्या शिव्या आहेत — पण सुरात घालतील ना! तोंड तर उघडेल. एकदा उघडलं की मी लावून धरेन.

तेव्हा तुम्ही इथे दिसता कामा नये. क्षितिजा वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत येईल एवढ्यात. तिने फोन केला तुम्हाला, एमिलीताईंकडून नंबर घेऊन, ती करेल, हुशार आहे — तर एवढंच सांगा, वाजवत नाही तो बरोबर. फार नाही बोलायचं. तुमच्या व्हायोलिनवाल्यांना पण सांगून ठेवा. आणि... त्या दिवशी मी खरंच कसा वाजवला... नको. नको, सांगू नका. तुम्ही चांगलं म्हणालात तर माझ्याने जिना चढवणार नाही, आणि खोटं मला वर जाऊन नीट बोलायचंय. दुसरा कोणी बघा तुम्ही. कोणाला घेतलंत ते मला कळवू नका. मागच्या गेटने जा, सर, पुढून नको. जा ना. अहो, जा.