डिचोलीत तांबड्याक काय तोटो?

...आणि वर मलाच विचारतात, "नारायणशेट, त्या पाखरांचं पुढे काय झालं हो?" काय व्हायचं! बसा, सांगतो. तो स्टूल पुसून घ्या आधी. पुसलात? आता परत पुसा! तुम्हाला सांगतो, मी टेलर माणूस, दुकान डिचोलीत, आणि तेही कुठे, तर खाणीचे ट्रक जातात त्या रस्त्यावर. मागे घर, पुढे दुकान, मधे तांबडी धूळ. पांढरा शर्ट शिवून खुंटीला लावला की गिऱ्हाईक येईपर्यंत विटकरी! आणि असल्या जागी मला हौस कसली सुटावी? तांबड्या पाखराची! आमची शांता पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावून म्हणाली, "डिचोलीत तांबड्याक काय तोटो?"

तर झेब्रा फिंच म्हणतात त्यांना. चिमणीहून लहान, अंग राखाडी, छातीवर काळे पट्टे, नराच्या गालावर तेवढा तांबूस ठिपका, आणि दिवसभर आपलं टीं टीं टीं... जत्रेतली पिपाणी बरी! पणजीचे आग्नेलबाब, पाखरांच्या प्रदर्शनात परीक्षक असतात, त्यांनी मला पहिली जोडी दिली आणि जाता जाता डोक्यात किडा सोडला. "नारायणा, हो गालावेलो तांबडो रंग केन्ना केन्ना सगळ्या हड्ड्यार देंवता. पूण लाखांत एक!" म्हणजे गालावरचा रंग छातीवर उतरतो. बरं, उतरतो तरी कधी? तो पोटात लपून असतो म्हणे! बापाच्या अंगावर नाही, आज्याच्या अंगावर नाही, आणि एकदम नातवाच्या छातीवर फुटतो! झालं, मी याची लेक त्याला, त्याचा लेक हिला... अहो, माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात एवढी सोयरीक जुळवली नव्हती मी. वर्षं गेली. पिंजऱ्यांनी ओसरी भरली, आणि येणारा-जाणारा डोकावून तेच, "डिचोलीत तांबड्याक काय तोटो?"

बाहेर तेव्हा काय पेटलं होतं ते आठवतंय ना? कोकणी की मराठी! मोर्चे काय, बंद काय, रस्त्यावर आडवी झाडं काय... दोन्हीकडचे लोक दुकानात येऊन डोळे वटारायचे, "तुम्ही कुठल्या बाजूचे?" मी म्हणायचो, बाबांनो, मी तांबड्या छातीच्या बाजूचा! कोणाला पटायचं नाही. शांतेला तर मुळीच नाही. तिने एके दिवशी निकाल दिला, "शिगम्याक नाचणाऱ्यांचे मेळ दारात येतत, माणसांक बसाक ओसरी व्हयी. तवसर एक जरी तांबडां झाला तर ठेवा, नाय तर सगळे पिंजरे माझ्या माहेराक, पार्शाक!"

आणि काय सांगू, नाताळच्या तोंडावर एका सकाळी बघतो तर एका नराची छाती तांबडी! मी ओरडलो, शांता धावली, शेजार धावला. तसाच पोस्टात जाऊन पणजीला फोन लावला. आग्नेलबाब कोट घालून, बस बदलून, घामाघूम होऊन आले. चष्मा लावला, वाकले, म्हणाले, "व्हडलें नवल रे!" आणि तेवढ्यात त्या पठ्ठ्याने काय करावं? पाण्याच्या वाटीत उडी! पंख फडफडवून अशी अंघोळ केली, अशी केली... पाण्याचा झाला चहा, आणि पाखरू बाहेर आलं ते राखाडी! आग्नेलबाब शांतपणे म्हणाले, "नारायणा, हें पाखरूं न्हय, ही खण." म्हणजे पाखरू नव्हे, खाण! शेजार हसून लोळला हो. मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा कानाला खडा लावला, आता फसायचं नाही! पुढे भाषेचा कायदा झाला त्या सुमारास आणखी एका पिल्लाची छाती तांबडी दिसायला लागली. पावलं तिकडे वळली, खोटं कशाला बोलू? पण मी मान फिरवली. शांता, बघा हं, शांता म्हणाली, "अवो, ह्यां मात्र खरां दिसता." आणि मी, मी हो, कात्री आपटून म्हणालो, "डिचोलीत तांबड्याक काय तोटो?"

शिगमा आला, पिंजरे टेम्पोत बसून पार्शाला मेव्हण्याकडे गेले. मेळ आले, नाचले, माणसं ओसरीवर ऐसपैस बसली. मला ती टीं टीं नसलेली ओसरी बघवेना. दोन महिने कळ काढली. मग गोवा घटकराज्य होणार म्हणून जो तो पणजीला चालला होता, आणि मी चाललो पार्शाला. मेव्हण्याची बायको यशोदा दारातच म्हणाली, "भावजी, तुमचां ता एक पाखरू लय मळलेलां हां. मी रिठे घालून धुतलंय, परत परत धुतलंय, पण छातीचो रंग काय जायना!" म्हणजे ते खरंच तांबडं होतं! म्हटलं, कुठे आहे ते? मेव्हणा सखाराम हसत हसत आला, "काळजी करू नका भावजी! फोंड्याचो एक माणूस काजू घेऊक इल्लो, तेका दिलंय ता. आनी तुमच्यासाठी म्हापशातसून ही निवळ जोडी हाडून ठेवलंय!" आता माया करणाऱ्यावर चिडायचं तरी कसं? पुसून काढल्यासारखी राखाडी जोडी, ती घेऊन डिचोलीला आलो.

आठवड्यात तांबडी! नर तर नर, पण मादीसुद्धा, जिला जन्मात तांबडं येत नाही! त्यातच आग्नेलबाबांचा निरोप, "फोंड्याच्या एका मनशान लाखांतलो एक हाडला, पळोवंक यो." बघायला ये म्हणे! कशाला जातोय? ओसरीवर बसून राहिलो. वाटलं, आता शांता ते वाक्य बोलणार. बोलली नाही हो. पिंजऱ्याशी गेली, अंघोळीची वाटी हळूच बाहेर काढली आणि म्हणाली, "चार दीस न्हाऊक नको त्यांका. रवांदे तशीच तांबडी."

...आता बोला! उठलात? बरं, या. पँट तेवढी मागून झटका.