पाठवणाऱ्याचा पत्ता

(दोहा शहरातला बिन महमूद भाग. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये उघडी बॅग आणि वजनकाटा.)

वल्लरी : आप्पा, काट्यावरून उतरा. बॅगेचं वजन करायचंय.

आप्पा : एकसष्ट किलो दोनशे. बत्तीस वर्षं पोस्टात काढली, पण एवढं जड पार्सल मी खिडकीवरूनच परत केलं असतं.

वल्लरी : तुम्ही पार्सल नाही आहात.

आप्पा : मग ग्रुपवर काय टाकलंस? ‘शुक्रवारी मुंबईला कोणी जातंय का? सासरे पाठवायचेत.’ तुझ्या लेकीने, चैत्रालीने, दाखवलं मला. त्याच्या वरच्या मेसेजमध्ये कोणीतरी मिक्सरचं भांडं पाठवत होतं.

वल्लरी : घाईत लिहिलं हो. सगळे तसंच लिहितात.

आप्पा : माझी तक्रार नाही. फक्त भांड्याला माणूस माझ्याआधी मिळाला.

वल्लरी : तुम्हालाही मिळाला. जॉनसन. देवव्रतच्या ऑफिसातला, वसईचा. नाशिकच्या टॅक्सीत बसवूनच घरी जाणार आहे. आता येईल बॅगेचं बघायला.

आप्पा : तिकिटं कुठे चिकटवायची? कोटावर?

वल्लरी : कसली तिकिटं?

आप्पा : पोस्टाची. अमेरिकेत तसं केलं होतं. एकोणीसशे चौदा साली, आयडाहोत. मुलगी सहाचीही नव्हती. तिला आजीकडे पाठवायचं होतं. रेल्वेचं भाडं महाग, आणि पार्सलची मर्यादा पन्नास पौंड. मुलगी भरली साडेअठ्ठेचाळीस. कोटावर त्रेपन्न सेंटची तिकिटं लावली आणि बसवली आगगाडीच्या टपालडब्यात.

वल्लरी : काहीही सांगता.

आप्पा : नातीच्या शाळेतलं पुस्तक आहे. अमेरिकन शाळेची फी तुम्हीच भरता. त्याआधी ओहायोत एक तान्हं बाळ पाठवलं होतं, मैलभर लांब. त्याचा पन्नास डॉलरचा विमासुद्धा उतरवला होता. माझा उतरवलाय का?

वल्लरी : ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे तुमचा.

आप्पा : वाटलंच मला. नंतर त्यांच्या खात्याने माणसं घेणं बंद केलं. तुमच्या ग्रुपपर्यंत ते परिपत्रक पोचलेलं दिसत नाही.

वल्लरी : आप्पा, गेल्या शुक्रवारी तुम्हाला एकटंच पाठवलं होतं. काय झालं?

आप्पा : देवव्रत म्हणाला, विमानतळावरच्या त्या मोठ्या पिवळ्या अस्वलाच्या पुतळ्याखाली बसा, मी फोन करेपर्यंत हलू नका. मी हललो नाही.

वल्लरी : फोन लागत नव्हता तुमचा.

आप्पा : विमानतळ आला म्हणून फ्लाइट मोडवर टाकला. मी नियमाने चालणारा माणूस.

वल्लरी : विमान निघून गेलं, तरी बसून होता. चार तास.

जॉनसन : दार उघडंच आहे वहिनी, आलो मी. गुड आफ्टरनून अंकल. व्हीलचेअर सांगितलीय ना?

आप्पा : मला चालता येतं.

जॉनसन : ते ठीक आहे हो. पण व्हीलचेअर असली की लाइन नाही लागत. सोबतच्यालापण नाही. बॅग किती झाली?

वल्लरी : तेवीस. तीस चालतात.

जॉनसन : मग सात माझे. मम्मीसाठी ब्लँकेट घेतलंय, डबल प्लाय. तेच सहा किलो आहे. खाली गाडीत ठेवलंय.

आप्पा : वसईत ब्लँकेट?

जॉनसन : पांघरत नाही ती. पाहुण्यांना दाखवते.

आप्पा : म्हणजे मला तू नेणार आणि तुझं ब्लँकेट मी नेणार.

जॉनसन : सगळे तसंच करतात अंकल. खलास. आता एक लेबल लिहा, बॅगेला बांधतो.

वल्लरी : मी लिहिते. श्याम गणेश देवधर, इंदिरानगर, नाशिक.

आप्पा : हे कोण?

वल्लरी : तुम्हीच. घेणारा.

आप्पा : तसं चालत नाही. पार्सल आणि घेणारा एकच कसा? त्या मुलीला टपालवाल्याने थेट घरी नेलं, तर आत आजी होती. माझ्या दाराला वर्षभर कुलूप आहे. तुझी सासू सुमन गेल्यापासून किल्ली माझ्याच खिशात असते.

वल्लरी : शेजारच्या पूर्णिमाताई आहेत ना.

आप्पा : त्या बंगळुरूला असतात, मुलाकडे. त्यांचीही किल्ली माझ्याच खिशात.

वल्लरी : आप्पा, एक विचारू? त्या अस्वलासमोर एवढा मोठा स्क्रीन आहे. मुंबईच्या विमानाची वेळ त्यावर होती ना?

आप्पा : होती.

वल्लरी : वाचता आली?

आप्पा : आली. आधी गेट नंबर आला, मग लाल अक्षरांत ‘शेवटची सूचना’. तीही वाचली.

वल्लरी : मग उठला का नाहीत?

आप्पा : त्यामुळे हे आठ दिवस मिळाले. रविवारी व्हिसा संपतोय. पुढच्या वेळचं इथे कोणी काही बोललेलं नाही. मीही विचारलं नाही. पार्सल विचारत नाही.

जॉनसन : अंकल, घर बंद असलं तर पोस्टमन पार्सलचं करतो काय?

आप्पा : चिठ्ठी ठेवतो. पार्सल ऑफिसात काही दिवस पडून राहतं. कोणी आलंच नाही, तर पाठवणाऱ्याकडे परत.

जॉनसन : नक्की? फेकत नाहीत?

आप्पा : फेकायचं कसं? नियम आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र लिहिलेला हवा. बरेच लोक लिहीत नाहीत.

वल्लरी : जॉनसन, ते लेबल दे इकडे. अजून बांधू नकोस.

जॉनसन : चुकलं काही?

वल्लरी : मागची बाजू कोरी आहे. देवव्रतला आजच सांगते नव्या व्हिसाचं. महिना लागेल आप्पा, कदाचित दोन.

आप्पा : टपालाला उशीर होतोच. काय लिहितेस?

वल्लरी : आमचा पत्ता.

आप्पा : फ्लॅट नंबर ठळक लिही. नवा पोस्टमन असला की चुकतो.