काचेवरचं स्वस्तिक

अरे, हवा लागू नये म्हणून गाडीले काच लावली अन् मीच मान बाहेर काढून हवा खात होतो, हे तुमाले सांगतलंच नाही!

सौंसरहून पांढुर्ण्याले रोज मोटरसायकलनं शाळेत जातो मी. थंडीत वाऱ्यानं डोळ्याले असं पाणी येते, की पोरं विचारत, "सर, घरी भांडण झालं का?" मंग सगळ्या गाड्याईले बसते म्हणतात तशी एक स्वस्त काच आणून हँडलवर मीच बसवली. बायकोनं पूजा केली. जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर तेलात कालवून स्वस्तिक काढलं, ते बरोबर माह्या डोळ्यासमोर! पुसाची हिंमत नाही. आठ दिवस मान बाजूले काढून गाडी चालवली. मान दुखून राहिली, डोळे वाहूनच राहिले.

शेवटी पांढुर्ण्याच्या मिस्त्रीले म्हटलं, "भाऊ, तूच पुसून टाक. घरी तुह्यं नाव सांगतो."

तो हसला. "सर, मी देव मानत नाही. पण वहिनीनं काढलेलं कसं पुसू?" त्यानं क्लॅम्प ढिले केले, काच चार बोटं खाली सरकवली अन् कसून दिली. स्वस्तिक नजरेखाली गेलं, डोळ्यासमोर काचेतून रस्ता मोकळा.

संध्याकाळी बायको म्हणे, "आज डोळे कोरडे हायेत. पाहा, मारुती पावला!"

मी खरं काय ते सांगून टाकलं.

सकाळी माह्या डब्याजवळ दुसरा एक डबा होता. म्हणे, "मिस्त्रीभाऊले द्या. काचेची पूजा केली मी, नीट बसवणाऱ्याची राहिलीच."