तारीख विसरणारं मशीन

(झरी गाव, दुपार. जुन्या कॉम्प्युटरपुढं बबिता बसलेली. फोन स्पीकरवर, पलीकडं पुण्याहून धाकटा भाऊ सिद्धोधन. वडील सिताराम दारात.)

बबिता : परत तेच रे सिद्धू! काळा पडदा, अन् वर लिवलंय, बूट डिव्हाइस सापडलं न्हाई.

सिद्धोधन : असं कसं ताई? आत्ता तर नवी विंडोज कॉपी होऊन संपली म्हणालीस.

बबिता : संपली ना. रीस्टार्ट होतंय म्हणून आलं, अन् तेवढ्यात बंद पडलं.

सिद्धोधन : पडलं की पाडलं?

बबिता : बाबांनी बोर्डावरून बटन बंद केलं.

सिताराम : मग काय करू? शेतातल्या मोटारीची लाईन आली की व्होल्टेज उडतंय. मागं टीव्ही जळाला, तवा कोन आलतं भरून द्यायला?

सिद्धोधन : बाबा, असं मधेच बंद करायचं नसतं!

सिताराम : तुह्या पुण्यात नसंल. इथं करावं लागतंय.

बबिता : तुमी दोघं नंतर भांडा. चारला कंपनीची परीक्षा हाय माझी, कामासाठीची. बोल सिद्धू, काय करू?

सिद्धोधन : खरं सांगू? हे मशीन नव्या विंडोजसाठी नाहीच. तिनं पहिल्याच पडद्यावर नको म्हटलं होतं. मी पाठवलेल्या पेनड्राइव्हमधून मशीनची तपासणीच काढून टाकली, म्हणून आत तरी शिरली. सोड ना. पुढच्या महिन्यात येतो, नवा लॅपटॉप आणतो.

बबिता : कंपनी थांबती का तुह्या पुढच्या महिन्यासाठी? त्यांचा प्रोग्राम जुन्या विंडोजवर उघडत न्हाई, मोबाईलवर चालत न्हाई. ऐकून टाईप करायचं काम हाय, घरबसल्या. आईच्या आजारपणात जिंतूरच्या शाळेतली नोकरी सोडली मी. पुन्हा ये म्हणून कुणी विचारलं? आई गेल्यापास्नं मी अन् बाबा एकमेकांची तोंडं बघत बसायलोत. लय जीव घुसमटायलाय रे.

सिद्धोधन : ...बरं. चालू कर अन् एफ टू दाबत राहा.

बबिता : आलं निळं पान.

सिद्धोधन : बूट मोडपुढं काय लिहिलंय?

बबिता : लेगसी.

सिद्धोधन : ते तर सकाळीच बदललं होतं आपण! नव्या विंडोजला लागतं ते यूईएफआय केलं होतं ना?

बबिता : तूच सांगितलं, मीच केलं.

सिद्धोधन : म्हणजे लाईट गेली की हे विसरतंय अन् जुन्या चालीवर जातंय. तारीख बघ बरं.

बबिता : एक जानेवारी दोन हजार बारा.

सिद्धोधन : अन् हे तू मला आत्ता सांगायलीस?

बबिता : ती तर कधीपास्नंच चुकती. जुन्या विंडोजला काही फरक पडत नव्हता. हातानं बदलायची मी.

सिद्धोधन : अगं बाई, आत रुपयाएवढा गोल सेल असतो. लाईट नसताना तारीख, सेटिंग, सगळं तोच धरून ठेवतो. तो मेलाय. वायर काढ अन् डबा खोल.

सिताराम : कशाला खोलायलीस? खामखा आणखी बिघडंल.

बबिता : बिघडायचं काय राहिलंय बाबा? सरका, उजेड येऊ द्या... सिद्धू, सेल मेला न्हाई.

सिद्धोधन : तुला कसं कळलं?

बबिता : सेलच न्हाई. खोबणी रिकामी हाय.

सिद्धोधन : आपोआप कुठं जाईल?

बबिता : बाबा? तुमी बाहेर कामून निघालात?

सिताराम : ...मी काढला.

बबिता : तुमी?

सिताराम : तू जिंतूरला होतीस तवा. पहाटी तुह्या मायला घाम फुटला, चक्कर यायली. साखर बघायची मशीन बंद, सेल संपलेला. साखर चढली का उतरली, गूळ द्यावा का न्हाई, काय मालूम? गावात सेल मिळंना. सिद्धूला फोन लावला, लागला न्हाई. मग ह्याचा डबा खोलला. नंबर तोच निघाला. म्हन्लं, ह्याला कशाला पाहिजे सेल, ह्याला तर लाईट हाय.

सिद्धोधन : बाबा, मला नंतर तरी सांगायचं.

सिताराम : काय सांगायचं? साखर उतरली होती. गूळ दिला, उठून बसली. वरून म्हनती, चहा टाका.

बबिता : ती मशीन कुठंय?

सिताराम : हाय माझ्याजवळ. रोज सकाळी बटन दाबतो. तुह्या मायचा शेवटचा आकडा दिसतो. बास, तेवढंच.

बबिता : मग राहू द्या. सिद्धू, सेल नसला तर जमतच न्हाई का?

सिद्धोधन : जमतं. मोड बदलायचा, तारीख टाकायची, अन् बटनाला कुणी हात लावायचा नाही.

सिताराम : अन् काम लागल्यावर? लाईट तर रोज जायलीय. रोज हे करत बसनार का ही?

बबिता : बसीन बाबा. काही होत न्हाई.

सिताराम : थांब जरा.

सिद्धोधन : ताई, कुठं गेले?

बबिता : आतल्या खोलीत. पेटी उघडायलेत... आले. बाबा, नका ना काढू.

सिताराम : धर हा सेल. मोजायला ती न्हाई आता.

सिद्धोधन : बाबा, सेल परत बसवला की तो आकडा दिसेल. आत साठवलेला असतो. बहुतेक.

बबिता : बहुतेक म्हणू नको रे!

सिताराम : आकडा पाठ हाय मला. तू बसव.

बबिता : ...बसला. वायर लावली, निळं पान आलं.

सिद्धोधन : मोड बदल. तारीख टाक. सेव्ह कर. आता बोर्डावरून बंद करून चालू करायचं.

बबिता : बाबा, तुमीच करा.

सिताराम : केलं बंद... हे चालू.

बबिता : तारीख आजचीच हाय! सिद्धू, गोल फिरायलंय... फिरायलंय... आलं! नाव विचारायलंय.

सिद्धोधन : पहिलं माझं होतं, तेच टाक पटकन. वेळ नाही.

बबिता : वा रे! तुहं होतं तवा हात तरी लावू दिलास का मला?

सिद्धोधन : बरं माझे आई, तुझं टाक. बबिता. झालं.

सिताराम : पुरं टाक. बबिता गीताबाई सिताराम.

सिद्धोधन : आईचं, तुमचं, एवढं लांब कशाला बाबा?

सिताराम : असू दे लांब. रोज सकाळी चालू करंल तवा दिसंल.