धोंड्याला आलेली टकटक

—बंद करू नका, चालू राहू द्या. काल सांजच्याला आलात तवा गाडी गरम होती, आवाज दबला होता. रातभर गार झाली, आता कशी खरं बोलायलीय बघा — टक-टक-टक-टक. येतंय का ऐकू? तुम्हाला कसं येईल म्हणा, घरातलं माणूस काय म्हणतंय ते ज्याला ऐकू येत न्हाई त्याला इंजिन काय ऐकू येणार. बसा. त्या स्टुलावर नका, तिथं ऑइल सांडलंय — पांढरी पॅन्ट घालून गॅरेजात येणारं माणूस उदगीरात मी पहिल्यांदाच बघायलोय. पण धोंड्याचा जावई म्हणल्यावर कोण बोलणार? मी तर न्हाई बोलणार. अधिक महिना हाय, जावई म्हणजे देव.

बरं, नवी गाडी कोणत्या रंगाची बघू? लाजू नका. काय? नको? रविकिरणराव, मीबी जावई होतो कवा तरी. धोंडा काय दर साली येतो व्हय — आन बराबर धोंड्याच्या तोंडावरच गाडीला आवाज सुटतो, किती समजदार गाडी. माझीच ना, वळण हाय तिला. लग्नात तुम्हाला दिली तवा भाऊबंद म्हणले, बसवंत मेस्त्री, जावयाला सोताची जुनी फटफटी द्यायलाव? मी म्हणलं, जुनी न्हाई, मुरलेली हाय. सगळं इंजिन उकलून बांधलेलं, पाण्यासारखी चालायची. आन तुम्ही तिची ही गत केली.

काल मी एक चक्कर मारली, तवाच कळलं. रेस वाढती, गाडी जागची हलत न्हाई — क्लच प्लेटा जाळून टाकल्यात. अर्धा क्लच दाबून गाडी कोण चालवतंय? नवशिकं. मागचा ब्रेक घासून गेलाय — म्हणजे सदानकदा पाय ब्रेकवर. मिशा फुटल्यापासून गाडी चालवता ना तुम्ही? का तुमच्या जळकोटात तशीच फॅशन हाय? हसू नका. हसला न्हाईत? मग ते तोंड तसंच असंल.

आन ही काळी माती. हे बघा, मडगार्डात पेंडच्या पेंड बसलीय. तुमचं मोबाइलचं दुकान घराच्या खाली. जिना उतरला की दुकान. मग गाडी रोज कोणत्या शिवारात जाती? मोबाइल पेरायलाव का तिकडं? गप. मघापासून नुसतं गप. माझा बाप म्हणायचा, — जाऊ द्या तो काय म्हणायचा. शिवांगी का आली न्हाई, ते सांगा. ड्युटी हाय म्हणे. सगळ्या लेकी धोंड्याला जोडीनं येतेत, आन आमच्या नर्सबाईला एक दिवस सुट्टी भेटत न्हाई? तिची आई पहाटंपासून पुरण वाटायलीय, रस्त्यानं फटफटी वाजली की तसंच पिठाच्या हातानं दारात येती. आधी फोनवर तासभर डोकं खायची पोरगी, आता ‘अप्पा, मी बरी हाय’ आन ठिवलाच फोन. कसली बरी? मला इंजिनाचं कळतंय, पोरीच्या आवाजातलं कळंना झालंय. भ्या वाटायलंय मला, रविकिरणराव. तिला तुमच्या घरी काय तकलीफ असंल तर आत्ता सांगा, पाटावर बसवायच्या आधी. ओवाळून झाल्यावर मला काय बोलता येणार न्हाई.

न्हाई म्हणता. बरं. तुम्ही सांगू नका, गाडी सांगती. तो पाना द्या. हां — हे उघडलं. आता बघा, हे टॅपेट, व्हॉल्व्हला दाबणारं. ह्याची फट वाढली की ही टकटक. आन ह्याला कुणीतरी हात घातलाय. कोण तुमच्याकडचा कलाकार? काम सफाईचं हाय, खोटं कशाला बोलू, नटाला एक ओरखडा न्हाई. पण येडं हाय. गरम इंजिनवर माप घेतलंय — तवा बराबर बसतंय, गार झालं की ढिलं. येवढं सगळं येतंय आन एवढी एक गोष्ट माहीत न्हाई. त्याला म्हणावं, आधी कुणाच्या तरी हाताखाली — ती सीटखालची हत्याराची थैली घ्या इकडं. काय झालं? द्या की. थैलीत काय साप हाय का?

…हे कुणाचं हाय?

न्हाई, मी विचारायलोय, हे अर्धं ब्लेड कुणाचं हाय? टॅपेटच्या फटीत घालून माप घेतेत ह्यानं. एका कडेला लाल टेप, बोट कापू नये म्हणून. हे मी करतो. उदगीरात दुसरं कुणी करत न्हाई, समदे मापाची पट्टी वापरतेत, हसतेत मला. आन मी टॅपेटला हात घालायचो सकाळी, शिवांगी शाळेला जायच्या आधी — बॅटरीचा उजेड तीच धरायची. गाडी रातभर उभी असायची, गारच असायची. गार हाय म्हणून आत्ता करायलोय, हे मी तोंडानं कवा सांगितलंच न्हाई. पोरीला कशाला सांगायचं.

म्हणजे क्लच तिनं… आन ही माती तिची ड्युटी हाय त्या उपकेंद्राच्या रस्त्याची. तिकडं एसटी जात न्हाई, व्हय ना. गाडी चालवायला हात लावला तर हात मोडीन म्हणलो होतो तिला. काय म्हणता? आवाज ऐकला की अप्पाला कळंल कोण चालवतंय, मग समोर कशी उभी राहू — म्हणून आली न्हाई ती? आन तुमच्याकडनं शपथ घेतली, बोलायचं न्हाई म्हणून? आन तुम्ही मघापासून नवशिके, येडे, शिवारात फिरणारे, सगळं ऐकून घेतलाव… कोण शिकवली तिला? तुम्ही? ह्या पांढऱ्या पॅन्टवर?

हूं.

पाय टेकतेत का तिचे खाली? टाचा उचलूनच ना. मग सीट कापावी लागंल. क्लचचा दांडा जवळ घेतो, बोटं लहान हायत तिची. प्लेटा नव्या टाकतो. तुम्ही आत जावा, तुमच्या सासूबाई खोळंबल्यात. माझी वाट बघू नका, मला उशीर हाय. आन तिला फोन लावा — माझ्याकडं देऊ नका, हात ऑइलचे हायत माझे. तुम्हीच सांगा. म्हणावं, गाडी रातभर उभी करायची, इंजिन पार गार होऊ द्यायचं, मग टॅपेटला हात लावायचा. अप्पानं सांगितलंय म्हणावं. जावा आता. उजेड अडवायलाव माझा.